मेलेल्या बैलाला हात लावू नका

आमच्या आबांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बजावलं की धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, आणि पट्टी निघाल्या निघाल्या हे काळा चष्मा लावून मळ्यात हजर. त्यांच्या डोळ्यात वेळच्या वेळी थेंब घालायला म्हणून मी जामनेरहून रावेरकडच्या माहेरी आले होते. घर, गोठा, स्वयंपाक आणि वरून हा हट्टी म्हातारा, वहिनी एकटी कुठे कुठे पुरी पडणार? आले ती नेमकी बिबट्याच्या दिवसांत.

बिबट्या आम्हाला नवा नाही. उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पायथ्यापासून आमच्या दारापर्यंत केळीच केळी. बाराही महिने सावली, ठिबकचं पाणी, रानडुकरं, मोकाट कुत्री. बिबट्याला अजून काय पाहिजे? माद्या पिल्लंसुद्धा केळीतच घालतात. कोणी सांगितलं की मळ्यात बिबट्या दिसला, तर लोक विचारायचे, कोणाच्या मळ्यात, आणि पुन्हा चहा प्यायला लागायचे. पण हा निराळा निघाला. शेजारच्या शिवारात गवत कापणारी एक बाई त्याने मानेला धरून नेली. मग नदीकाठी बकऱ्या चारणारा एक म्हातारा गेला. तेव्हापासून केळीचे घड झाडावर पिकायला लागले, कारण कापायला मजूर येईना. पिंजरा लावला, आत शेळी बांधली. ओरडून ओरडून शेळीचा घसा बसला, हा फिरकला नाही. शेवटी वरून हुकूम आला की दिसेल तिथे मारायचा, आणि गोळी घालायला बाहेरगावचा एक शिकारी आला.

शिकारी येणार म्हटल्यावर गावाच्या अंगात आलं होतं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी जुन्या शिकारी उकरून काढल्या. कोणाच्या आजाने जंगलात हाका उठवताना डबे बडवले होते, कोणाच्या पणज्याने साहेबलोकांचं मचाण बांधलं होतं. डबे बडवणाऱ्यांचीच नातवंडं ती, पण ऐकणाऱ्याला वाटावं की बंदूक यांच्याच खांद्यावर होती. पोरं मिलिटरीच्या रंगाची जाकिटं घालून मोटारसायकलींवर तयार. आणि गाडीतून उतरला कोण, तर चष्मा लावलेला, पोटावर हात फिरवणारा, बँकेतल्या कॅशिअरसारखा माणूस. वहिनीने भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी, शेवभाजी. तो म्हणाला, मला पित्त आहे, दहीभात चालेल. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. पोरांनी विचारलं, साहेब, एखादं डुक्कर तरी मारू द्या ना आम्हाले, तर त्याने चष्म्यातून नुसतं पाहिलं. मला तो माणूस आवडला. गप्प माणसं मला आवडतात, आमच्या घरात ती नाहीत म्हणून असेल.

आमच्या मळ्यात, विहिरीच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत आमचा सालदार राहायचा. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा गडी. हा डोंगरातला पावरा आदिवासी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल संपायचं आणि त्याच दिवशी नवं सुरू व्हायचं, असं किती वर्षं चाललं होतं ते आबांनाही आठवत नसेल. त्याची बायकोही इथेच. तिला सगळं गाव पावरीण म्हणायचं, जणू बाईला स्वतःचं नाव नसतंच. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी यायची, चार दिवस राहायची, रडायची आणि जामनेरला परत जायची. आईला उचलणं, पुसणं, कुशीवर वळवणं, हे सगळं हिने केलं. वहिनीला ते जमत नव्हतं आणि भावाला बघवत नव्हतं. आई शेवटी तिच्याच हातून पाणी प्यायची.

ती मला चिडवायची. मी मळ्यात गेले की म्हणायची, "आली माय जामनेरची मॅडम, सरका सरका, चप्पल भरीन." बिबट्याचं विचारलं तर म्हणाली, "तो मले खाऊन काय करीन, ताई? हाडकंच हाडकं. तुम्ही मात्र बांधावर फिरू नका." आणि स्वतःच खो खो हसली. पण दुसऱ्या कोणाला नव्हती एवढी भीती तिलाच होती, आणि असणारच. गावातली माणसं दिवस मावळायच्या आत दाराला कडी घालत होती. त्या सगळ्या शिवारात रात्रंदिवस राहणारी माणसं ही दोघंच. तिची मुलं आश्रमशाळेत होती, तेवढं एक बरं.

एका सकाळी पावरा धापा टाकत घरी आला. बैल मेला होता.

हा आमचा म्हातारा बैल. त्याचा जोडीदार आधीच गेलेला, नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरवर, हा नुसता मळ्यातल्या गोठ्यात बसून खायचा. त्याला बाजार दाखवायचा नाही असं आबांनी ठरवलं होतं. बिबट्याने त्याला बांधलेल्या जागी, बसल्या बसल्याच गळ्याला धरलं होतं. मागून थोडं खाल्लं होतं. शिकारी आला, उकिडवा बसला, सगळीकडून पाहिलं. मग उठून आबांना म्हणाला, आणि माझ्यासमोर म्हणाला, "आबा, याला हात लावू नका. दोरसुद्धा सोडू नका. एवढा बैल ओढून नेणं त्याच्या ताकदीबाहेर आहे, म्हणजे संध्याकाळी त्याला जेवायला इथंच यावं लागेल. आजवर त्याने मारलेलं प्रत्येक वेळी लोकांनी उचललं, म्हणून तो मला सापडला नाही. ही पहिली संधी आहे. गेली तर पुन्हा कोणीतरी मरेपर्यंत थांबावं लागेल."

आबांनी मान हलवली. शिकाऱ्याला वाटलं, हो म्हणाले. समोरच्या कडुलिंबावर मचाण बांधायला दोन माणसं लावून तो सामान आणायला रावेरला गेला.

आता हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमच्याकडे घरचा बैल मेला तर त्याला माती देतात. आपल्याच शेतात खड्डा करायचा, अंगावर नवं कापड घालायचं, गोणीभर मीठ, हळदकुंकू, नारळ. ज्याने जन्मभर ओढलं त्याला कुत्र्या-कावळ्यांपुढे टाकणं म्हणजे आईबापाला टाकणं. लहानपणी आमचा एक बैल गेला तेव्हा घरात तीन दिवस गोडधोड झालं नव्हतं. म्हणून आबा त्या बैलाशेजारी उन्हात खुर्ची टाकून बसले आणि उपरण्याने माशा वारायला लागले, तेव्हा मला आधी त्यांचं वाईटच वाटलं. बैलाचे डोळे उघडे होते. गोठ्याच्या पत्र्यावर कावळे येऊन बसायचे आणि आबा त्यांना ढेकळं मारायचे.

"यानं आपलं पोट भरलं," आबा भावाला म्हणाले. "अन् आता त्या जनावरानं याचे लचके तोडावे म्हणून मी याले वाढून ठेवू?"

"साहेब सांगून गेले ना, आबा," भाऊ म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

मी म्हटलं, "एक दिवस, आबा. एकच दिवस पडू द्या त्याले. तो मेलेला हाये. जिते हायेत त्यांचं पाहा."

"तू गप ऱ्हाय. तुले काय समजतं बैलाचं?"

शेजारच्या मळ्यात पाइपलाइनचा चर खोदायला जेसीबी आला होता. आबांनी त्याला हाक मारली. तोवर पाच-दहा म्हातारे जमले होते, आणि त्यांच्यातल्या एकानेही आबांना अडवलं नाही. उलट, आबांचंच खरं, म्हणाले. हेच म्हातारे आदल्या दिवशी पारावर मचाणाच्या गोष्टी सांगत होते. वहिनीने घरून मिठाची गोणी पाठवली. पावऱ्याने दोर सोडला, बैलाच्या कपाळाला हळद लावली आणि ढसाढसा रडला. त्याने त्या बैलाला लेकरासारखं चारलं होतं. खड्ड्यावर माती पडायला लागली तेव्हा आबांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. मी म्हटलं, डोळ्याला हात लावू नका. तेही ऐकलं नाही.

पावरीण माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली, "ताई, आज तो उपाशी येईन." त्या दिवशी ती हसली नाही.

मी घरी येऊन भावाला सांगितलं, त्या दोघांना दोन-चार दिवस गावात आण, आपल्या घरी राहू दे. भाऊ वहिनीकडे पाहायला लागला. वहिनी म्हणाली, घरी म्हणजे कुठी? मी म्हटलं, माझ्या खोलीत, मी तुझ्याजवळ झोपते. ती म्हणाली, आन् त्यांच्या शेळ्या? कोंबड्या? मोटर कोण चालू करीन, लाइट तर रात्रीची हाये. सगळे प्रश्न रास्त होते, हीच तर वहिनीची खुबी आहे. आबा म्हणाले, शेकोटी करतीन, त्यांले सवय हाये. विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

संध्याकाळी शिकारी परत आला. खड्ड्याच्या जागी मातीचा ढीग, वर नारळ, उदबत्तीचा धूर. त्याने ते सगळं पाहिलं. मग म्हणाला, "बैल मेलेलाच होता, आबा. आता कोण, ते तुम्हीच सांगा."

"साहेब, तुमच्या घरी बैल नसतीन," आबा म्हणाले.

तरीही तो मचाणावर बसला. बिबट्या आला नाही. निदान तिथे आला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर पावरीण शेळ्यांसाठी गवत कापायला केळीच्या बागेच्या कडेला गेली. नवरा विहिरीवर होता, हाकेच्या अंतरावर. भरदिवसा, सूर्य डोक्यावर यायला लागलेला. तिला वाटलं असेल, आता काय भीती. वाकून गवत कापणारं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, असं शिकाऱ्याने मला नंतर सांगितलं. मला ते ऐकून काय करायचं होतं?

मळ्यातून आरडाओरडा ऐकू आला आणि आम्ही पळत गेलो. केळीच्या दोन ओळींमध्ये, वाळलेल्या पानांवर ती पडली होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. विळा हातातच होता. पावरा तिच्या उशाशी बसून तिचे केस नीट करत होता, बाकी काही करत नव्हता. मी खाली बसले आणि रडले, आईच्या वेळी रडले त्याहून जास्त रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

शिकारी आला. त्याने माती पाहिली, पानं पाहिली. आवाज खाली करून म्हणाला, "माणसांच्या आरड्याने टाकून गेला आहे. खाल्लेलं नाही. याच बागेत कुठंतरी बसला आहे तो." मग म्हणाला, "गर्दी हटली तर दिवस मावळायच्या आत परत येईल. मी कोणाला काही करा म्हणत नाही. काय होईल ते फक्त सांगतो."

केळीची फाटकी पानं हलत होती. आणि मग मी बघितलं की सगळे एकेक करून पावऱ्याकडे बघायला लागले आहेत.

आधी बोलला माझा भाऊ. म्हणाला, पंचनाम्याचे साहेब यायला वेळ लागीन. मग दुसरं कोणी म्हणालं, नाहीतरी शव रावेरला न्यावं लागीन, डॉक्टर काही आज हात लावणार नहीत. तिसरा म्हणाला, इथं काय आन् तिथं काय, संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न. सगळे कसे हळू, समजुतीने बोलत होते. कालचे म्हातारेही होतेच. कालच्या बैलाच्या वेळी त्यांच्यातल्या कोणाला संध्याकाळपर्यंत थांबणं सुचलं नव्हतं.

पावरा म्हणाला, "मले तिले घेऊन जाऊ द्या." हे तो दुसऱ्या कोणाला नाही, आबांनाच म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने आबांकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

आबा काठी टेकून उभे होते. म्हणाले, "संध्याकाळलोक ऱ्हाऊ दे. आज तो मेला तर बठ्ठ्या गावाचं भलं व्हईन. आम्ही हावोत ना."

मी भांडले. अशी भांडले की शेजारच्या मळ्यातून लोक आले. म्हटलं, लाज नाही का वाटत, बाई आहे ती, तिने आईचं सगळं केलं, तिला चारा म्हणून ठेवता? लेकीचं माहेरात किती चालतं ते मला त्या दिवशी कळलं. भावाने दंड धरून मला बाजूला नेलं. मी म्हटलं, निदान अंगावर काही घाला. मी माझी ओढणी काढली. भाऊ म्हणाला, नको, वाऱ्यानं हलली तर तो बुजीन. हे त्याला शिकाऱ्याने सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं.

पावरा उठला. आबांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, आणि हा मोडायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हतं. शिकारी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, तू नाही म्हण, मी इथे बसणारच नाही. पावऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा आबांकडे पाहिलं. नाही म्हणाला नाही.

दिवसभर तो आमच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. वहिनीने त्याला चहा दिला, त्याच्या नेहमीच्या कपात, जो मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो. चहावर साय धरली. गावात चिटपाखरू दिसत नव्हतं. टीव्हीसुद्धा बंद. सगळ्यांचे कान मळ्याकडे लागलेले. खरं सांगायचं तर मला गोळी सुटावी असंही वाटत होतं आणि सुटू नये असंही.

ऊन कलल्यावर एकच बार ऐकू आला.

मग काय विचारता. पोरं मोटारसायकली घेऊन सुटली. कोणी फटाक्यांची माळ लावली. बिबट्या म्हातारी मादी निघाली, एक सुळा मोडलेला, अंगावर खरूज. तिला रस्त्यापर्यंत आणेस्तोवर फोन धरून शंभर हात पुढे. ज्यांनी बागेत पाऊल टाकलं नव्हतं तेही तिच्या शेजारी बसून फोटो काढत होते. शिकाऱ्याच्या गळ्यात हार घालायला लोक निघाले, तर त्याने हार हातात घेतला आणि गाडीच्या सीटवर टाकला. तो आमच्या घरी जेवायला आला नाही. वहिनीने दहीभात कालवून ठेवला होता.

पावऱ्याने त्याला गाठून एकच विचारलं, "त्यानं पुन्हा हात लावला का तिले?"

"नाही," शिकारी म्हणाला. "जवळ येऊ दिलं नाही."

ते खरं की खोटं, मला माहीत नाही. बोलताना त्याने चष्मा काढून पुसायला घेतला होता. पावऱ्याने मान डोलावली. मग पंचनामा झाला, रावेरचं सगळं उरकलं, आणि डोंगरातून त्याचे भाऊबंद पिकअप घेऊन आले. ते तिला त्यांच्या पाड्यावर घेऊन गेले. आमच्याकडचं कोणी बरोबर गेलं नाही. मी गाडीपर्यंत गेले. त्याने शेळ्याही गाडीत चढवल्या, भांडी चढवली, तेव्हा मला कळलं की हा आता परत येत नाही. आखाजी अजून लांब होती.

मी घरी आले तेव्हा आबा जेवत होते. भाऊ नव्या सालदारासाठी कोणालातरी फोन करत होता. मी आबांच्या समोर बसले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून बसले.

म्हटलं, "आबा, बैलाले तुम्ही एक दिवस पडू दिलं नही. अन् तिले पडू दिलं."

आबांनी घास हातातच धरला. मला वाटलं, आता चिडतील, ताट सारतील. मी त्याची वाट बघत होते, मला तेच हवं होतं. पण ते चिडले नाहीत. मी हे काय विचारते आहे, ते त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. लहानपणी मला एखादं गणित सुटलं नाही की ज्या मायेने समजावायचे, त्याच आवाजात ते म्हणाले, "अवं बाई, तो आपला व्हता."